सुपरझूम लेन्सची इमेज क्वालिटी कशी जोखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासचा फुलोरा जवळ आला की किंवा दिवाळीची सूट सुरू झाली की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "ताई, एकच लेन्स घेऊन मोकळं व्हावं का? क्वालिटी जाते म्हणतात." गेली दहा वर्षं क्रॉप सेन्सरच्या (३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर मी १८-३०० मिमीची सुपरझूम वापरतेय. गडांवर, वारीत, लग्नात, गच्चीवरून चंद्र टिपताना, सगळीकडे ती सोबत असते. तिच्यावर माझा जीव आहे आणि तिचे दोषही मला पाठ आहेत. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. उदाहरणं बहुतेक क्रॉप सेन्सरची आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच कॅमेरा असतो.

१. सुपरझूम म्हणजे नक्की कुठली लेन्स? माझी ७०-३०० सुपरझूम आहे का?

नाही. ७०-३०० ही टेलिझूम, म्हणजे फक्त लांबचं जवळ आणणारी. वाइडपासून (मोठा परिसर) टेलीपर्यंत (लांबचं जवळ) सगळं एकाच नळीत असेल तर ती सुपरझूम. नावातले आकडे म्हणजे मिमीमधली फोकल लेंथ; ती जितकी जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स १८-५५ म्हणजे तिप्पट, १८-३०० म्हणजे जवळपास सतरापट. सातपटीच्या पुढे गेलं की लोक सुपरझूम म्हणू लागतात.

१९९२ मध्ये टॅमरॉनने आटोपशीर २८-२०० आणली आणि प्रवासासाठी एकच लेन्स ही कल्पना घरोघरी गेली. २००५ मध्ये निकॉनची १८-२०० व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) आली. २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० काढली, ती बावीसपट. २०२४ मध्ये निकॉनने फुल फ्रेम मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) २८-४०० आणली, वजन ७२५ ग्रॅम. तीस वर्षांत आकडे इतके ताणले गेले, पण काचेचे नियम तेच आहेत. ते पुढच्या उत्तरात.

२. सगळं एकाच लेन्समध्ये बसवलं तर तडजोड नेमकी कुठे होते?

लेन्समध्ये काचांचे गट असतात आणि झूम फिरवला की ते पुढेमागे सरकतात. प्रत्येक काच काही दोष निर्माण करते आणि पुढची काच ते निस्तरते. प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्समध्ये हा हिशेब एकाच फोकल लेंथसाठी जुळवायचा असतो. सुपरझूममध्ये त्याच काचांनी १८ लाही जुळायचं, ७० लाही आणि ३०० लाही. १८ ला जी काच दोष भरून काढते, तीच ३०० ला नवा दोष घालते. म्हणून काचांची संख्या वाढते. निकॉनच्या १८-३०० एफ/३.५-६.३ मध्ये १६ काचा आहेत, २८-४०० मध्ये २१.

दुसरी तडजोड प्रकाशाची. ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. ३०० मिमीला एफ/२.८ हवं असेल तर पुढची काच दहा सेंटीमीटरहून मोठी लागते. ती गळ्यात अडकवून हरिश्चंद्रगड कोण चढणार? म्हणून टेलीच्या टोकाला ॲपर्चर एफ/६.३ वर येऊन थांबतं.

३. ताई, एवढंच सांगा: शार्प असते की नसते?

एका शब्दात उत्तर दिलं तर ते खोटं ठरेल. कुठल्या फोकल लेंथला, कुठल्या ॲपर्चरला, चौकटीत मध्यभागी की कोपऱ्यात, आणि फोटो शेवटी किती मोठा बघणार, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय "शार्प" शब्दाला अर्थ नाही.

तरीही १८-२०० किंवा १८-३०० घराण्यातल्या लेन्स साधारण एकाच स्वभावाच्या असतात. १८ ला मध्यभाग पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही चांगला, पण कोपरे ढिले, आणि एफ/८ ला ते बऱ्यापैकी सावरतात. २४ ते १०० हा सगळ्यात सुखाचा पट्टा. २०० च्या पुढे बारीक तपशिलाआधी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद यांतला फरक) उतरतो. फोटो फुटल्यासारखा दिसत नाही, फिका दिसतो, धुतलेल्या सुती कापडासारखा. ३०० ला एफ/६.३ वर ही गोष्ट सगळ्यात जास्त जाणवते.

म्हणून आधी स्वतःचे जुने फोटो उघडा आणि तुम्ही कुठल्या फोकल लेंथला जास्त टिपता ते बघा. प्रत्येक फोटोच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त फोटो १८ ते १०० मध्ये असतील तर ३०० च्या टोकाच्या मऊपणाची काळजी तुम्हाला फार करायची नाही. निम्मे फोटो शेवटच्या टोकाला असतील तर तुम्हाला सुपरझूम नव्हे, टेलिझूम हवी आहे.

४. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा केला की फोटो सॉफ्ट दिसतो. सगळ्यांचाच दिसतो का?

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर तो शंभर टक्के मोठा केला तर पूर्ण फोटो जवळजवळ साडेपाच फूट रुंद होतो, आणि तुम्ही तो दीड-दोन फुटांवरून बघत असता. भिंतीएवढं चित्र नाक लावून बघितल्यासारखंच हे.

आता खरी गरज बघा. ए४ प्रिंट ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) काढायची तर साधारण ८.७ मेगापिक्सेल लागतात, ए३ ला १७.४. ४के टीव्हीवर दिसतात ८.३. इन्स्टाग्रामवर १०८० पिक्सेल रुंदीची पोस्ट जाते, म्हणजे तुमच्या फोटोची रुंदी सहापटीने आकसते आणि लेन्सचा निम्मा मऊपणा त्यातच विरून जातो. ए४ च्या अल्बमसाठी सुपरझूम आणि महागडी झूम यांच्यातला फरक मला स्वतःला १०० मिमीपर्यंत ओळखता येत नाही. ए३ ला, ३०० मिमीवर, ओळखता येतो.

५. घरच्या घरी चाचणी कशी घ्यायची? टेस्ट चार्ट विकत घ्यावा लागतो का?

चार्ट नको. मराठी वर्तमानपत्र घ्या. मी हे गंभीरपणे सांगतेय, आपल्या लिपीइतकी चांगली चाचणी दुसरी नाही.

छोट्या जाहिरातींची, निविदांची पानं निवडा, कारण अक्षर बारीक असतं. चार-सहा पानं भिंतीवर सपाट, सुरकुती न ठेवता चिकटवा. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध मजकूर आला पाहिजे. दिवसाचा उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून मधल्या अक्षरांवर लावा.

कॅमेरा भिंतीला समांतर हवा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठी चौकटीच्या मध्यावर एक छोटा आरसा भिंतीला सपाट टेकवा आणि कॅमेऱ्यातून बघत लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. मग आरसा काढून घ्या.

१८, ३५, ७०, १३५, २०० आणि ३०० ला प्रत्येकी तीन फोटो: पूर्ण उघडं ॲपर्चर, एफ/८, एफ/११. ३०० ला पाचेक मीटर मागे जावं लागेल. तिथून चौकटीत जेमतेम अर्धं-पाऊण पान मावतं.

आता बघायचं काय? आधी मध्यभागात "ध" आणि "घ" वेगळे वाचता येतात का ते पाहा. दोघांत फरक फक्त शिरोरेषा तुटण्याचा आणि एका गाठीचा. "भ" आणि "म" यांचंही तसंच. मग अनुस्वाराचे टिंब पाहा: गोल आहे, की एका दिशेला ओघळल्यासारखं? कोपऱ्यात टिंबाला शेपटी फुटली असेल तर तो लेन्सचा दोष. शेवटी कोपऱ्यातली शिरोरेषा मोठी करून बघा. काळ्या रेषेच्या वरच्या बाजूला हिरवट आणि खालच्या बाजूला जांभळट किनार दिसली तर ती रंगदोषाची खूण. पहिल्यांदा ती मला दिसली तेव्हा छपाईच चुकली असं वाटून मी भिंतीजवळ जाऊन पान बघून आले. पानावर निव्वळ काळी शाई होती.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही चाचणी जवळच्या अंतराची आहे, आणि काही सुपरझूम जवळ एक आणि लांब दुसरंच वागतात. म्हणून सकाळी लवकर, हवा स्वच्छ असताना, समोरच्या इमारतीच्या ग्रिलचे आणि पाण्याच्या टाकीवरच्या अक्षरांचेही फोटो काढा.

६. एकच कोपरा सॉफ्ट आहे, बाकी तीन ठीक. लेन्स खराब निघाली का?

शक्यता आहे. एखादी काच अक्षापासून जराशी सरकली किंवा कलली की असं होतं. सुपरझूममध्ये हलणारे गट जास्त, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्येही फरक सापडतो.

आधी आपली चूक नाही याची खात्री करा. प्रश्न ५ मधली मांडणी जशीच्या तशी ठेवून कॅमेरा उलटा करा, डोकं खाली, आणि पुन्हा टिपा. सॉफ्टपणा भिंतीवरच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर भिंत किंवा ट्रायपॉड तिरका आहे. तो भिंतीवर तिरक्या विरुद्ध कोपऱ्यात गेला तर दोष लेन्समध्ये.

चारही कोपरे तंतोतंत सारखे असलेली सुपरझूम मी अजून पाहिलेली नाही. मोठा केल्यावरच दिसणारा फरक सोडून द्या. पण ए४ प्रिंटमध्ये डावं झाड पानापानाने मोजता येतं आणि उजवं लगदा झालेलं दिसतं, तर परत करा. माझी पहिली १८-३०० अशीच होती. दुरुस्ती केंद्राने ती "मर्यादेत आहे" असा शेरा मारून दोनदा परत पाठवली आणि तोवर दुकानाची बदलून देण्याची मुदत टळून गेली. शेवटी तोटा सोसून विकली, घेणाऱ्याला दोष दाखवून. म्हणून सांगते, चाचणी पहिल्या आठवड्यातच उरका.

७. ३०० ला काढलेले सगळेच फोटो धूसर येतात. लेन्सच तशी असते ना?

मला येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या क्रमांकावर आहे. फोटो मागवून बघितले की बहुतेक वेळा लेन्स निर्दोष निघते.

पहिला संशयित शटर स्पीड. क्रॉप सेन्सरवर ३०० म्हणजे नजरेला ४५० मिमीची चौकट. जुन्या ठोकताळ्याने शटर किमान एक भागिले फोकल लेंथ, म्हणजे इथे १/५०० सेकंद तरी हवा. लोक १/१०० ला काढतात आणि "स्टॅबिलायझेशन आहे की" म्हणतात. ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं. डोलणारी फांदी आणि वळणारी मान ते थांबवू शकत नाही. ओळखायची खूण अशी: धूसरपणा एकाच दिशेला ओढल्यासारखा असेल तर हात किंवा विषय हलला. सगळीकडे सारखा मऊ असेल तरच लेन्सकडे बघा.

दुसरा संशयित हवा, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. सिंहगडावरून राजगड-तोरणा टिपायला लोक ३०० लावतात आणि बालेकिल्ला धुरकट आला की लेन्सला नावं ठेवतात. मध्ये मैलोन् मैल धूळ आणि बाष्प भरलेली हवा आहे. उन्हाळ्यात भर आणखी पडते: तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा थरथरते आणि सरळ कडा लाटेसारखी दिसते. मे महिन्यात ताडोबात दुपारी दोनशे मीटरवरचा वाघ लाखो रुपयांच्या लेन्सनेही मऊच येतो. पावसाची जोरदार सर येऊन गेल्यावर पहिल्या तासाभरात तोच गड, तीच लेन्स, तेच ३०० घेऊन बघा. तटबंदीचे दगड वेगवेगळे दिसतात.

तिसरा संशयित फोकस. आरशाच्या डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो आणि तो जरा पुढेमागे असू शकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस केल्यावर फोटो एकदम सुधारला तर कॅमेरा-लेन्सची जोडी जुळवून घ्यायला हवी. मिररलेसमध्ये ही भानगड जवळपास नाही.

या तिघांना निर्दोष ठरवल्यावर उरतो तो लेन्सचा खरा मऊपणा. त्यावर प्रश्न ९ पाहा. चौथा एक संशयित लेन्सच्या पुढेच बसलेला असतो, तो लगेच खाली.

८. लेन्सला यूव्ही फिल्टर लावला आहे. त्याने क्वालिटी जाते का?

१८ ला सहसा कळत नाही. ३०० ला स्वस्त फिल्टर घात करतो, कारण काच पूर्ण सपाट नसली तर तिचा दोष टेलीला अनेकपटींनी उघडा पडतो. दुकानदाराने लेन्ससोबत दिलेला फिल्टर मी वर्षभर काढलाच नव्हता. भिगवणला उजनीच्या पाणथळीत रोहित (फ्लेमिंगो) टिपले, होडी स्थिर, उजेड भरपूर, शटर १/१२५०, आणि एकाही पक्ष्याचा डोळा शार्प नाही. घरी येऊन फिल्टर काढून वर्तमानपत्र लावलं तर तीच लेन्स "ध" आणि "घ" वेगळे दाखवू लागली. त्या सकाळचे फोटो गेले ते गेले. आता मी हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारी कडी, लावते. ठेच लागली तर तो झेलतो, आणि आडव्या उन्हाने येणारा फिकेपणाही अडवतो.

९. कुठलं ॲपर्चर ठेवलं की जास्तीत जास्त शार्प मिळेल? एफ/१६ ठेवू का?

एफ/८. उजेड भरपूर असेल आणि कोपरेही हवे असतील तर एफ/११. त्यापुढे जाऊ नका.

कारण विवर्तन. छिद्र लहान झालं की प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदू एक छोटी चकती होतो. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन, एफ/११ ला १५, एफ/१६ ला २१. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम ३.९ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/१६ ला एकेक बिंदू पाच पिक्सेलांवर सांडतो.

सुपरझूमची अडचण अशी की ३०० ला ती सुरूच होते एफ/६.३ वर. दोष कमी करायला ॲपर्चर बंद करायचं म्हटलं तर एफ/८ पर्यंत जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) जागा, आणि पुढे विवर्तन उभंच. ही चिंचोळी जागा हीच टेलीच्या टोकाची खरी मर्यादा. म्हणून मी जमेल तिथे ३०० ऐवजी २५० वर थांबते आणि थोडं क्रॉप करते. दोन्ही करून बघा, बऱ्याच लेन्समध्ये २५० चा क्रॉप बरोबरीचा किंवा सरस निघतो.

१०. सॉफ्टवेअरमध्ये लेन्स करेक्शन चालू केलं की सगळे दोष जातात का?

काही जातात, काही नाही. वाइडला इमारती पिंपासारख्या फुगतात आणि पुढे झूम केला की त्याच आत ओढल्या जातात, हे सरळ होतं. कोपऱ्यातला अंधार उजळतो. शिरोरेषेची ती हिरवी-जांभळी किनार बहुतेक पुसली जाते. पण फुकट काही नाही: फुगवटा सरळ करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात आणि अंधार उजळताना तिथला नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. आधीच कमकुवत असलेला कोपरा आणखी थोडा सैल होतो.

सरकलेली काच, समोरच्या उन्हाने धुतला गेलेला कॉन्ट्रास्ट आणि फोकसच्या पुढेमागे येणारी रंगछटा मात्र सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. या तीन गोष्टी विकत घेण्याआधी तपासा.

११. कॅननची आरएफ २४-२४० करेक्शनशिवाय बघितली तर कोपरे काळे दिसतात. ही फसवणूक नाही का?

मला नाही वाटत. ती लेन्स करेक्शन गृहीत धरूनच आखली आहे. २४ मिमीला काच कोपऱ्यापर्यंत पूर्ण चित्र देत नाही, कॅमेरा ते ताणून चौकट भरतो. त्या बदल्यात दहापट झूम ७५० ग्रॅममध्ये बसते. मिररलेस आल्यापासून बऱ्याच कंपन्या हेच करतात. हातात येणारा अंतिम फोटो बघा आणि त्याच्या कोपऱ्यांवर निवाडा करा. फक्त तुम्ही वापरता ते रॉ सॉफ्टवेअर त्या लेन्सचं करेक्शन लावतं ना, याची खात्री करा.

१२. कंपनीच्या साइटवरचा एमटीएफ आलेख वाचून निवड करता येईल का?

थोडी. लेन्स कॉन्ट्रास्ट आणि तपशील किती टिकवते ते हा आलेख दाखवतो. त्याच्या डाव्या टोकाला चौकटीचा मध्य, उजव्या टोकाला कोपरा. दर मिमीला १० रेषांची ओळ कॉन्ट्रास्ट सांगते, ३० रेषांची बारीक तपशील. सलग आणि तुटक रेषा एकमेकींपासून दूर गेल्या तर कोपऱ्यात टिंबं ओघळणार हे समजा. पण बरेच आलेख संगणकावर काढलेले असतात, बनवलेल्या लेन्सवर मोजलेले नसतात. शिवाय सहसा ते पूर्ण उघड्या ॲपर्चरचे आणि झूमच्या दोन टोकांचेच असतात. जो मधला पट्टा तुम्ही रोज वापरणार, तो त्यात नसतोच. दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करू नका, पद्धती वेगळ्या असतात.

१३. किटच्या दोन लेन्स आहेत, १८-५५ आणि ५५-२५०. त्या विकून सुपरझूम घेतली तर क्वालिटी वाढेल?

नाही. टेलीच्या टोकाला उलट थोडी कमीच होईल, कारण ५५-२५० चा ताण साडेचारपटीचाच आहे. उजेडही वाढणार नाही.

वाढेल ती वेगळीच गोष्ट. दिवे घाटात पालखी वर चढत असते, धूळ उडतेय, मागून लोंढा येतोय. वळणावर आख्खा घाट दिसतो तो क्षण १८ चा आणि पुढच्याच श्वासाला एका म्हातारीच्या डोक्यावरची तुळस २०० ला. तिथे लेन्स बदलायला थांबलात तर तुळस पुढे गेलेली असते आणि सेन्सरवर धूळ आलेली असते. न टिपलेल्या फोटोची क्वालिटी मोजता येत नाही, पण माझ्या हिशेबात ती धरलेली असते. वारी, ट्रेक, लहान मुलं, लग्नातली धावपळ यांसाठी सुपरझूम घ्या. ठरवून, ट्रायपॉड लावून काम करणार असाल तर दोन लेन्सच राहू द्या.

१४. आणि ५० एफ/१.८ प्राइम? ती तर स्वस्तही आहे.

एफ/४ ला ती सुपरझूमला ५० मिमीवर सहज मागे टाकते, आणि अंधारात तर तुलनाच नाही. वजन नगण्य, म्हणून मी दोन्ही नेते: दिवसा सुपरझूम, दिवे लागले की ५०.

१५. सुपरझूमने मागचं धूसर होत नाही म्हणतात, खरं का?

अर्धसत्य. ३०० ला एफ/६.३ म्हणजे छिद्राचा व्यास जवळपास ४८ मिमी, आणि ५० एफ/१.८ चं छिद्र २८ मिमी. माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवून दोन्हींनी टिपा, लांबची पार्श्वभूमी ३०० ला जास्त विरघळते. मात्र त्यासाठी खूप मागे जावं लागतं, आणि घरात तेवढी जागा नसते.

धूसरपणा किती हा एक प्रश्न, कसा हा दुसरा. सुपरझूमच्या धूसर भागात दिव्यांच्या गोलात कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात. ती साच्यात घडवलेल्या ॲस्फेरिकल काचांमुळे येतात. वाळलेलं गवत, बाभळीच्या काड्या मागे असतील तर त्यांच्या दुहेरी रेषा उमटतात आणि डोळ्यांना टोचतात. मागे सपाट भिंत, पाणी किंवा लांबचा डोंगर निवडा, हा त्रास निघून जातो.

१६. कासला तेरड्याच्या फुलाजवळ जाऊन ३०० लावलं, तरी मित्राच्या ७०-३०० इतकं मोठं येत नाही. आकडा खोटा आहे का?

आकडा अनंत अंतरासाठीचा असतो. आतल्या काचा सरकवून फोकस करणाऱ्या लेन्स जवळच्या विषयाला खरी फोकल लेंथ गमावतात आणि सुपरझूम त्यात पुढे असतात. निकॉनची १८-२०० जवळच्या अंतरावर २०० लावूनही साधारण १३५ सारखी चौकट द्यायची. हा मऊपणा नव्हे, पोहोच कमी होणं आहे. लांबच्या गडावर तीच लेन्स पूर्ण ३०० देते. फुलांसाठी आकडा बघू नका, माहितीपत्रकातलं "कमाल विशालन" बघा.

१७. ताडोबाच्या सफारीला १८-३०० पुरेल का?

जिप्सीजवळून चालत जाणाऱ्या वाघाला पुरेल, पक्ष्यांना नाही. अडचण पोहोचीपेक्षा उजेडाची आहे. सकाळी गेट उघडतं तेव्हा झाडीत उजेड कमी असतो. एफ/६.३ मध्ये एफ/२.८ च्या जेमतेम पंचमांश प्रकाश येतो. शटर तोच ठेवायचा तर आयएसओ १२५० च्या जागी ६४०० लागतो. त्या नॉइजमध्ये जो तपशील जातो तो लोक लेन्सच्या खात्यावर मांडतात. जुन्या डीएसएलआरमध्ये कडेचे फोकस बिंदूही एफ/५.६ च्या पुढे डळमळतात, मधला बिंदू वापरा. ऊन वर आल्यावर, साधारण आठनंतर, याच लेन्सने सुरेख फोटो येतात.

१८. मिररलेसच्या नव्या सुपरझूम जुन्यांपेक्षा खरंच चांगल्या आहेत का?

हो, आणि फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः ज्यांनी पट कमी ठेवली त्यांच्यात. टॅमरॉनची सोनीसाठीची २८-२००, २०२० ची, एफ/२.८ पासून सुरू होते आणि टेलीलाही एफ/५.६ वर थांबते. सातपट झूममध्ये मी पाहिलेली सगळ्यात समाधानकारक लेन्स तीच, मात्र ती २४ ऐवजी २८ पासून सुरू होते आणि तिच्यात स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही. ऑलिम्पसची १२-१०० एफ/४, २०१६ ची, लहान सेन्सरसाठी असल्यामुळे कोपऱ्यापर्यंत चोख आहे. सुपरझूम म्हणजे सॉफ्टच, या समजाला तो खणखणीत अपवाद.

१९. क्रॉपची सुपरझूम फुल फ्रेम बॉडीवर लावली तर?

बसली तरी चित्राचा गोल सेन्सरला पुरत नाही, म्हणून बहुतेक कॅमेरे आपोआप मधला भागच वापरतात. २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात, ४५ चे २०. बदलाच्या काळात तात्पुरतं ठीक.

२०. सेकंडहँड मिळतेय, पण आत धूळ दिसते. घ्यावी का?

पुढेमागे होणारी नळी हवा आत ओढते, त्यामुळे धुळीचे चार कण असणारच. फोटोत ते दिसत नाहीत. बुरशी मात्र वेगळी. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा दुधाळ पापुद्रा दिसला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये हे नेहमी सापडतं. त्याने शार्पनेसआधी कॉन्ट्रास्ट मरतो आणि प्रश्न ७ मधला धूसरपणा कायमचा मुक्कामाला येतो.

मग लेन्स जमिनीकडे धरा. नळी आपोआप घसरली तर ती फक्त सैल आहे, त्याचा फोटोवर परिणाम नाही, भावात कमी करून घ्या. पण पूर्ण बाहेर काढलेली नळी हाताने डावी-उजवी हलली तर प्रश्न ६ चा दोष असण्याची दाट शक्यता. विकणाऱ्याच्या घरी वर्तमानपत्र असेलच. भिंतीवर एक पान लावायची परवानगी मागा आणि १८ ला व ३०० ला दोन-दोन फोटो काढून, चारही कोपरे मोठे करून बघा.